हौशी नाटकाच्या पात्रनिवडीला जाताना

पाऊस ओसरायला लागला की जिल्ह्याच्या गावांत रात्री आठनंतर एखाद्या शाळेच्या वर्गात दिवे दिसू लागतात. बाकं भिंतीकडे सरकवलेली, मध्ये सतरंजी, टेबलावर संहितेच्या झेरॉक्स प्रती आणि थर्मासमधला चहा. दारात चपलांचा ढीग. ही हौशी नाट्यसंस्थेची पात्रनिवड. पहिल्यांदा येणारा माणूस त्या चपलांपाशी दोन मिनिटं थांबतो, आतून येणारं हसणं-बोलणं ऐकतो, 'सगळे एकमेकांना ओळखतात, आपलं इथे काय काम' असं मनाशी म्हणतो आणि कधीकधी तिथूनच मागे फिरतो. त्या दारातल्या माणसासाठी हे लिहितो आहे.

या सतरंजीच्या दोन्ही बाजूंना मी बसलो आहे. आधी वाचायला आलेला म्हणून, नंतर बरीच वर्षं दिग्दर्शकाशेजारी वही घेऊन. त्या दुसऱ्या जागेवरून एक गोष्ट लख्ख दिसते. आवाज, उच्चार, अंगकाठी हे सगळं आम्ही बघतोच, पण मनात सतत एक प्रश्न असतो: या माणसाबरोबर पुढच्या चाळीस-पन्नास रात्री तालीम करता येईल का? हौशी नाटकात कुणाला मानधन नसतं. दिवसभर बँकेत, दुकानात, शाळेत राबून माणसं रात्री येतात. अशा ठिकाणी वेळेवर येणारा, समोरच्याचं ऐकणारा आणि सांगितलेला बदल करून बघणारा माणूस फार मोलाचा असतो. पुढची सगळी तयारी हा प्रश्न डोळ्यांसमोर ठेवून करायची आहे.

संस्था शोधायची कशी

हौशी रंगभूमीचं वर्षाचं चक्र मुख्यतः राज्य नाट्य स्पर्धेभोवती फिरतं. महाराष्ट्र शासनाचं सांस्कृतिक कार्य संचालनालय ही स्पर्धा घेतं. २०२२ साली तिचं साठावं, हीरकमहोत्सवी वर्ष साजरं झालं. प्राथमिक फेरी सहसा नोव्हेंबर-डिसेंबरात राज्यभरच्या वेगवेगळ्या केंद्रांवर होते. म्हणजे संस्थांची वाचनं आणि पात्रनिवड ऑगस्ट-सप्टेंबरात, कधी गणपती उठले की लगेच. कॉलेजात असाल तर तुमचा हंगाम वेगळा. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे आणि त्याच्या एकांकिकांची लगबग पावसाळ्यातच सुरू होते. गोव्यात असाल तर कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेतल्या संस्थांकडे बघा. तिथे गावोगावची मंडळं जत्रेतल्या नाटकांवर वाढलेली असतात आणि नव्या माणसाला सहज सामावून घेतात.

पात्रनिवडीची बातमी स्थानिक वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत येते किंवा व्हॉट्सॲपवर फिरते. तिची वाट बघत बसू नका. यंदा तुमच्या जवळच्या केंद्रावर स्पर्धा सुरू झाली की प्रयोग बघायला जा. तिकीट नाममात्र असतं. सलग आठ-दहा संध्याकाळी जाऊन बसलात तर गावात कोणत्या संस्था आहेत, कोण कसली नाटकं करतं, कुणाच्या प्रयोगात छोट्या पात्रावरही मेहनत घेतलेली दिसते, हे आपोआप कळतं. ज्यांचं काम आवडलं त्यांच्या प्रयोगानंतर आत जा. पडदा पडल्या पडल्या नको, तेव्हा त्यांना नेपथ्य उतरवून टेम्पोत भरायचं असतं. त्या कामाला हात लावा आणि मग सांगा, 'मला पुढच्या नाटकाच्या वाचनाला यायचं आहे.' एखादा फ्लॅट, म्हणजे नेपथ्यातली भिंतीची चौकट, उचलायला मदत केलेला माणूस कुणी विसरत नाही.

आधी वही काढा, मग आरसा

बहुतेक लोक पात्रनिवडीची तयारी आरशासमोर सुरू करतात. मी सांगेन, कॅलेंडर समोर घ्या. ऑगस्ट ते डिसेंबर या महिन्यांत घरात लग्न आहे का, परीक्षा आहे का, ऑफिसचं ऑडिट, शेतीची सुगी, बदलीची शक्यता, रात्रपाळी? सगळ्या तारखा कागदावर लिहा आणि तो कागद वाचनाला घेऊन जा.

आमच्याकडे एकदा एक गृहस्थ आले. पहिल्याच दिवशी म्हणाले, 'गुरुवारी मला जमणार नाही, वडिलांना डायलिसिसला न्यावं लागतं. बाकी सहा दिवस मी साडेसातला हजर.' दिग्दर्शकाने त्यांना महत्त्वाची भूमिका दिली आणि दर गुरुवारी ज्यात ते नाहीत ते प्रवेश घेतले. पुढच्या वर्षी एका गुणी मुलाने परीक्षेच्या तारखा सांगितल्या नाहीत. भूमिका हातची जाईल अशी भीती त्याला वाटली असणार. विसाव्या दिवशी तो गेला आणि त्याच्या जागी आलेल्या नटाला सगळ्या हालचाली पुन्हा शिकवाव्या लागल्या. उरलेल्या नऊ जणांच्या वीस रात्री पाण्यात गेल्या. तो मुलगा आधी बोलला असता तर आम्ही त्याच्यासाठीही वाट काढली असती, हे मला आजही वाटतं.

काय पाठ करून जायचं

अनेक संस्था आधीच कळवतात: एक छोटं स्वगत पाठ करून या, मग आम्ही संहितेतलं वाचायला देऊ. कळवलं नसलं तरी एक उतारा तयार ठेवा. दीड ते दोन मिनिटांचा, त्याहून मोठा नको. बोलण्याच्या गतीने हा साधारण दोनशे शब्दांचा मजकूर होतो. नाट्यछटा हा प्रकार यासाठी फार सोयीचा. एकच माणूस बोलतो, पण समोर कुणीतरी आहे हे त्याच्या बोलण्यातून कळत राहतं. त्यामुळे तुम्ही नुसते बोलता की कुणाशी तरी बोलता, हे बघणाऱ्याला लगेच दिसतं.

उतारा निवडताना तुमच्या वयाच्या, तुमच्या आसपासच्या माणसाचा निवडा. पंचविशीच्या मुलाने वेडा झालेला वृद्ध राजा आणू नये. गाजलेल्या नाटकातलं गाजलेलं स्वगतही टाळा. ते ऐकताना आमच्या कानात मूळ नटाचा आवाज वाजत असतो आणि बहुतेक वेळा वाचणाऱ्याच्या तोंडूनही तोच आवाज येतो. रडण्याचा, किंचाळण्याचा उतारा शक्यतो नको. एका संध्याकाळी पंधरा जण येतात, त्यातले नऊ जण रडतात. त्या दिवशी एखादी बाई शांतपणे रेशनच्या रांगेतली हकीकत सांगून गेली तर सगळ्यांना तीच आठवते.

घरची भाषा मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, कोल्हापुरी असेल तर दुसरा एक छोटा उतारा त्या बोलीतला ठेवा. बोली लपवायची वस्तू नाही; चांगली बोली बोलणारा नट मिळणं कठीण असतं. पण प्रमाण भाषेतलाही एक हवा, कारण यंदाचं नाटक कोणत्या भाषेतलं आहे हे तुम्हाला माहीत नसतं.

संगीत नाटकाची निवड असेल तर एक नाट्यगीत तयार ठेवा आणि आपली पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुराला सा धरून गाता ते, माहीत करून घ्या. पेटीवाल्यांनी 'कुठली पट्टी?' विचारल्यावर 'काळी चार' किंवा 'पांढरी एक' असं नेमकं सांगता आलं पाहिजे. मोबाइलवरच्या तयार साथीवर गाऊ नका.

शेवटचा शब्द

आता मला ज्याबद्दल सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते. नव्या माणसाचा आवाज लहान असला तरी चालतो, तो तालमीत वाढतो. पण जवळजवळ प्रत्येक जण एक चूक करतो: वाक्याचा शेवट गिळतो. श्वास संपत येतो, डोळे पुढच्या ओळीवर जातात आणि शेवटचे दोन शब्द हवेत विरतात.

मराठीत ही चूक फार महाग पडते, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही शेवटी. 'मी तिला त्या रात्री घरातून जायला सांगितलं नाही.' यातला 'नाही' गिळला तर माणूस निर्दोष होता तो गुन्हेगार झाला. 'येईन', 'येईनच', 'आले असते', 'येणार होते' यांतला सगळा फरक वाक्याच्या शेपटीत आहे. तिसऱ्या-चौथ्या रांगेतल्या माणसाला 'मी तुमच्याकडे' एवढंच ऐकू आलं आणि पुढचं विरलं, तर त्याला काहीच कळलं नाही.

यावरचा उपाय साधा आहे, पण रोज करावा लागतो. पंधरा दिवस रोज दहा मिनिटं वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचा. घरातल्या कुणाला तरी पलीकडच्या खोलीत बसवा, मध्ये दार उघडं ठेवा आणि त्यांना फक्त प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द कागदावर लिहायला सांगा. पहिल्या दिवशी अर्धे शब्द चुकतील. आठव्या दिवशी फरक दिसेल. ओरडून वाचायचं नाही. श्वास कुठे घ्यायचा हे ठरवायचं. लांब वाक्यात स्वल्पविरामाला चोरून श्वास घेतला की शेवटपर्यंत हवा पुरते.

उच्चारांचं म्हणाल तर दोन गोष्टी तपासा. 'न' आणि 'ण' वेगळे ऐकू येतात का; 'पानी' आणि 'पाणी' यातलं काय येतं हे स्वतःचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. आणि 'च-ज-झ' यांचे दोन उच्चार: दुनिया या अर्थाचं 'जग' आणि 'तू सुखाने जग' यातलं 'जग' लिहायला एक, बोलायला दोन. कागदावरून वाचताना इथे हमखास घसरगुंडी होते. बोली म्हणून वेगळा उच्चार करणं निराळं आणि नकळत होणं निराळं.

वर्गात शिरल्यावर

वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचा. पेन्सिल, पाण्याची बाटली, वाचायचा चष्मा आणि तो तारखांचा कागद एवढं बरोबर असू द्या. कपडे असे की खाली बसता, उठता, पळता यावं. वाजणाऱ्या बांगड्या, पैंजण, किल्ल्यांचा जुडगा काढून ठेवा. भूमिकेचा वेश करून येऊ नका. फोन बंद करून बॅगेत टाका. दुसरे वाचत असताना त्यात डोकं घालून बसलेला माणूस आमच्या वहीत नोंदला जातो. दुसऱ्यांचं वाचन ऐकताना तुमच्या चेहऱ्यावर जे उमटतं तेही आम्ही बघत असतो, कारण रंगमंचावर अर्ध्याहून जास्त वेळ नट दुसऱ्याचं ऐकतच उभा असतो.

नाव सांगताना एका वाक्यात ओळख द्या: कुठे राहता, काय करता, आधी काही केलं आहे का. काही केलं नसेल तर 'काही केलेलं नाही' हे उत्तर पूर्ण आहे. 'सर्दी झाली आहे', 'नीट तयारी झाली नाही' अशी प्रस्तावना कुणाला नको असते.

पाच मिनिटांत अनोळखी प्रवेश कसा समजून घ्यायचा

मग हातात दोन पानं येतात. 'पाच मिनिटं बघून घ्या, तुम्ही सुमन, हे दादा वसंत.' पाच मिनिटांत पाठांतर होत नाही, तो प्रयत्नच करू नका. मी काय करतो ते सांगतो.

पहिलं, पात्रं एकमेकांना काय म्हणतात ते शोधतो. आपल्या भाषेने ही मोठी सोय करून ठेवली आहे. 'अहो', 'अरे', 'अगं', 'तू', 'तुम्ही', 'आपण', 'दादा', 'वहिनी', 'साहेब' हे शब्द पेन्सिलीने गोल केले की दोघांचं नातं अर्धं कळतं. मग हे संबोधन कुठे बदलतं ते बघतो. दीड पान नवऱ्याशी 'अहो, तुम्ही' असं बोलणारी बाई एका वाक्यात 'तू' वर आली तर प्रवेशाचं वळण तिथे आहे. नेहमी 'तू' म्हणणारा मित्र अचानक 'तुम्ही' म्हणाला तर काहीतरी तुटलं आहे. त्या ओळीपाशी उभी रेघ मारून ठेवायची.

दुसरं, या माणसाला समोरच्याकडून काय हवं आहे ते एका क्रियापदात ठरवतो: पैसे मागायचे आहेत, थांबवायचं आहे, खरं काढून घ्यायचं आहे. 'ती दुःखी आहे' असं ठरवून वाचता येत नाही. 'तिला त्याला घरात थांबवायचं आहे' असं ठरवून वाचता येतं.

तिसरं, समोरच्याची वाक्यं वाचतो. बहुतेक जण फक्त आपली वाक्यं बघतात आणि मग दुसरा बोलत असताना बोट ठेवून पुढची ओळ शोधत राहतात. तुमच्या उत्तराचं कारण त्याच्या वाक्यात असतं.

वाचताना कागद छातीच्या उंचीवर धरा, तोंडासमोर नको. वाक्याची सुरुवात नजरेने उचला, डोळे वर करा, समोरच्याकडे बघून बोला. त्यात अडखळलात, शब्द चुकला, तर थांबून माफी मागू नका, पुढे चला. कंसातल्या सूचना वाचायच्या नसतात. बहुधा कुणीतरी त्या वाचतं, नाहीतर सोडून देतात. 'ती रडते' असं कंसात लिहिलं आहे म्हणून रडलंच पाहिजे असंही नाही. बोलता बोलता गळा दाटला तर ठीक, नाही दाटला तरी ठीक.

'आता हेच हसत हसत म्हणा'

वाचन झाल्यावर दिग्दर्शक गप्प बसतात, मग म्हणतात, 'आता हेच, पण तुम्हाला तो खोटं बोलतोय हे आधीच माहीत आहे असं धरून.' नवीन माणसाला वाटतं, पहिलं चुकलं. तसं नसतं. ज्याचं वाचन अजिबात जमलेलं नाही त्याला दिग्दर्शक सहसा 'थँक्यू' म्हणतात. बदल सांगितला म्हणजे त्यांना तुमच्यात काहीतरी दिसलं आहे आणि तुम्ही वळता का हे बघायचं आहे. म्हणून बदल ठळक करा. भीत भीत पाच टक्के बदललेलं वाचन पहिल्यासारखंच ऐकू येतं. सूचना कळली नसेल तर विचारा. एकच प्रश्न, छोटा. 'मी घरी वेगळा विचार केला होता' हे त्या वेळी सांगू नका.

तुम्हीही विचारायचं आहे

निवड दोन्ही बाजूंनी असते. तालीम कुठे, किती वाजता सुरू आणि किती वाजता संपते, आठवड्यातून किती दिवस, प्रयोग कुठल्या केंद्रावर, प्रवासाची सोय कोण करतं, हे जाण्याआधी विचारा. मुलींनी आणि स्त्रियांनी तर जरूर विचारावं: शेवटची एसटी चुकली तर घरी कसं पोचायचं, तालमीला आणखी कोण स्त्रिया आहेत? पहिल्या दिवशी कुणाला तरी बरोबर न्या. चांगल्या संस्थेत या प्रश्नांचं कुणाला वाईट वाटत नाही. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तिथे जाऊ नका. अठराच्या आतल्या मुलांबरोबर पालकांनी पहिल्या दिवशी स्वतः यावं.

पैशाचंही स्पष्ट विचारा. हौशी संस्थांत सभासद वर्गणी असते, कधी प्रवासखर्च वाटून घेतात. ते रास्त आहे. पण 'इतके भरा, प्रमुख भूमिका देतो' असं कुणी म्हणालं तर चप्पल घालून निघा.

'माझी वाक्यं किती?' हा प्रश्न मात्र विचारू नका. कोणती भूमिका हवी हे विचारलं तर खरं सांगा आणि 'दुसरी कुठलीही चालेल' हे खरंच चालणार असेल तरच म्हणा.

नंतर

निकाल तिथल्या तिथे क्वचित लागतो. दिग्दर्शक जोड्या जमवत असतात: आईपेक्षा मुलगी उंच दिसते, दोन भावांचे आवाज एकसारखे आहेत, नायकाचं वय नायिकेला जुळत नाही. तुमचं वाचन उत्तम होऊनही अशा कारणाने नाव गळतं. ते मनाला लावून घेऊ नका, म्हणणं सोपं आहे. मी स्वतः दोन वर्षं लावून घेतलं होतं आणि तेवढी दोन वर्षं नाटकापासून लांब राहिलो.

चार दिवसांत निरोप आला नाही तर एक फोन करा. 'माझी निवड झाली का?' एवढंच विचारा, 'का नाही?' नको. नाही म्हणाले तर विचारा, 'प्रॉम्प्टिंगला, म्हणजे नट अडला की संवाद आठवून द्यायला, कुणी आहे का?' बहुतेक वेळा नसतं. प्रॉम्प्टर रोज तालमीला असतो, त्याला सगळ्यांचे संवाद आणि सगळ्यांच्या जागा कळतात आणि दिग्दर्शक कुठल्या नटाला काय सांगतात हे तो रोज दोन फुटांवरून ऐकतो. प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत, रंगभूषा इथेही हात कमीच असतात.

भूमिका मिळाली असेल तर पहिल्या तालमीला संहितेची प्रत पुठ्ठ्याची फाइल लावून न्या, नाहीतर महिन्याभरात पानं सुटी होतात. हालचाली पेन्सिलीनेच लिहा, कारण त्या दहा वेळा बदलणार. समासात तुमची एंट्री डावीकडून की उजवीकडून हे नटाच्या बाजूने, म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड करून, लिहा आणि प्रत्येक एंट्रीच्या आधीचं दुसऱ्याचं वाक्य अधोरेखित करा. उभ्या तालमी, म्हणजे हालचालींसकट तालमी, सुरू व्हायच्या आत पहिला अंक पाठ हवा. भांडी घासताना, गाडीवरून जाताना, अंघोळ करताना म्हणा. आणि घरच्या ज्या माणसाला पलीकडच्या खोलीत बसवलं होतं, त्याच्याच हातात आता संहिता द्या.